टॅक्सीचं फिटनेस संपलेलं होतं, कंपनी अर्धाच क्लेम देतेय. सही करू का?

पिवळी_पाटी
डिझायर टूर, २०१९ चं रजिस्ट्रेशन. फिटनेस (आरटीओचं गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचं प्रमाणपत्र) ३ मार्चला संपलं आणि २२ मार्चला घोटी टोलच्या रांगेत गाडी उभी असताना मागून ट्रकने ठोकली. डिकी, मागचा बंपर, मागची काच, दोन्ही क्वार्टर पॅनल गेले. पॉलिसी, परमिट, लायसन्स सगळं चालू होतं. वर्कशॉपचं एस्टिमेट २,१०,००० रुपये, सर्व्हेअरने (विमा कंपनीसाठी नुकसान मोजणारा) असेसमेंट काढली १,३६,०००. आता कंपनीचा मेल आलाय की अपघाताच्या दिवशी फिटनेस वैध नव्हतं, म्हणून "कॉम्प्रमाइज"मध्ये ६८,००० देऊ, सोबतच्या डिस्चार्ज व्हाउचरवर (पैसे मिळाले, क्लेम मिटला अशी पावती) सही करा. सही करावी का? पूर्ण रकमेसाठी भांडण्यात अर्थ आहे का?

कलम_५६
पूर्ण रक्कम मागा, पण हिशोब ७५ टक्क्यांचा धरून चला. अर्ध्यावर मात्र अजिबात थांबू नका.

कंपनीचं म्हणणं कुठून येतं ते आधी बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५६ प्रमाणे ट्रान्सपोर्ट गाडीकडे (टॅक्सी, ट्रक वगैरे) फिटनेस नसेल तर कलम ३९ पुरती (नोंदणीशिवाय गाडी चालवायला बंदी) ती वैध नोंदणीची धरलीच जात नाही. मग नोंदणी नाही म्हणजे पॉलिसीच्या अटींचा मूलभूत भंग, असं पुढे जोडतात. त्यासाठी नरिंदर सिंग (सुप्रीम कोर्ट, २०१४) पुढे करतात. तिथे गाडीची तात्पुरती नोंदणी संपली होती आणि कायमची केलेलीच नव्हती. तुमची आरसी २०१९ पासून आहे, फरक इथेच आहे आणि तो पत्रात ठळक लिहा. केरळ हायकोर्टाच्या पूर्णपीठाचा २०१८ चा परीद पिल्लई निकालही ते काढतील, तो खरोखर तुमच्या विरोधात जातो. म्हणूनच म्हटलं, शंभर टक्क्यांची खात्री कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका.

तुमच्या बाजूने अमलेंदु साहू विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स (सुप्रीम कोर्ट, २०१०). त्यात नॉन-स्टँडर्ड क्लेमचा (अटीचा भंग असूनही काही टक्के देतात तो क्लेम) तक्ता दिलाय: पॉलिसीच्या इतर कोणत्याही अटीचा भंग असेल तर ग्राह्य रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत द्यावं. शिवाय लखमी चंद विरुद्ध रिलायन्स जनरल (२०१६): भंगामुळेच अपघात झाला हे कंपनीने सिद्ध करायचं. उभ्या गाडीला मागून धडक बसली, त्यात फिटनेसचा संबंध काय? कंपनीला लेखी विचारा की ५० टक्के पॉलिसीच्या कोणत्या अटीखाली कापले. "कॉम्प्रमाइज" ही अट नव्हे.

असेसमेंट_वाचा
टक्केवारीच्या आधी १,३६,००० बरोबर आहेत का ते तपासा. सर्व्हे रिपोर्टची प्रत मागून घ्या.

सहा वर्षांच्या गाडीला मेटल पार्टवर ४० टक्के घसारा, बंपरसारख्या प्लास्टिक-रबर पार्टवर ५०, काचेवर शून्य, लेबरवर घसारा नाही. घोळ हमखास पेंटिंगमध्ये होतो. ५० टक्के घसारा फक्त मटेरियलवर लागतो, आणि बिल एकत्र असेल तर मटेरियल म्हणजे एकूण पेंटिंगचे २५ टक्के धरायचे. तुमच्या रिपोर्टमध्ये पेंटिंगचा आकडा किती आहे?

पिवळी_पाटी
पेंटिंग २४,०००, "लेस डेप. ५०%", मंजूर १२,०००. डिकीच्या काचेवर काही कापलेलं नाही.

असेसमेंट_वाचा
सापडलं. मटेरियल ६,०००, त्यावर घसारा ३,०००, म्हणजे २१,००० मिळायला हवेत. नऊ हजार जादा कापलेत. बाकी आकडे ठीक असतील तर ग्राह्य रक्कम १,४५,००० आणि तिचे ७५ टक्के १,०८,७५०. तुमचं भांडण या आकड्यासाठी आहे. क्वार्टर पॅनल बदलायला मंजूर केलंय की डेंटिंगला, तेही बघा. पॅनल कापून नवं बसवायचं असेल तर कटिंग-वेल्डिंगचं लेबर पुष्कळदा एस्टिमेटमध्येच राहून जातं.

अर्ज_नाना
व्हाउचरवर "फुल अँड फायनल" छापलेलं असतं. तशीच सही करू नका. पैशाची फारच निकड असेल तर सहीशेजारी "हक्क राखून, निषेधासह स्वीकारले" असं हाताने लिहा, फोटो काढा आणि त्याच दिवशी तेच मेलनेही कळवा. नुसत्या व्हाउचरने हक्क संपत नाही असं सुप्रीम कोर्टाने १९९९ सालीच म्हटलंय, पण सही दबावाखाली केली हे मागाहून दाखवायचं म्हणजे नसता ताप.

पहिलं पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. सोबत सर्व्हे रिपोर्ट, स्पॉट पंचनामा, फिटनेस संपण्याआधीची सर्व्हिसची जॉब कार्डं (ब्रेक, टायर, लाइट यांची नोंद असलेली) आणि पोलिसांनी आरटीओकडून तपासणी करून घेतली असेल तर मोटार वाहन निरीक्षकाचा अहवाल. त्यातली "यांत्रिक दोष आढळला नाही" ही ओळ दहा निकालांना भारी आहे. फिटनेसची फी किंवा स्लॉट अपघाताआधी घेतला असेल तर ती पावती सगळ्यात वर लावा. अपघातानंतर फिटनेस काढलं असेल तर तारीख आहे तशी सांगा. वाहन पोर्टलवर कंपनीला सगळं दिसतं.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. नाशिक पुणे कार्यालयाकडे येतं. फी नाही, वकील लागत नाही, कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज हवा. निवाडा कंपनीवर बंधनकारक, तुम्हाला पटला नाही तर तुम्ही मोकळे. मात्र ग्राहक आयोगात केस चालू असेल तर लोकपाल अर्ज घेत नाही, म्हणून क्रम उलटा करू नका. आयोगाची मुदत दोन वर्षं आहे.

कलम_५६
एक राहिलं. ट्रकच्या विमा कंपनीला विसरू नका. कापलेले २५ टक्के, घसारा आणि डिडक्टिबल (प्रत्येक क्लेममध्ये मालकाने स्वतः सोसायची ठरलेली रक्कम) हे तुमच्या पॉलिसीतून मिळणार नाही, पण ट्रकचालकाच्या चुकीमुळे झालेलं नुकसान म्हणून मोटार अपघात न्यायाधिकरणात मागता येतं. तिथे प्रश्न चूक कुणाची एवढाच, आणि तुमची गाडी तर उभी होती. एकाच रकमेची दोनदा मागणी करू नका. अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करा, म्हणजे २२ सप्टेंबरच्या आधी. ट्रकचा नंबर आणि त्याच्या पॉलिसीचा तपशील पोलीस ठाण्यातून आत्ताच घ्या.

पांढरी_पाटी
मध्येच विचारतो, खासगी कारला हे लागू आहे का? माझं पीयूसी संपलंय.

अर्ज_नाना
खासगी गाडीला वेगळं फिटनेस नसतं, आरसी १५ वर्षांची असते. ती संपल्यावर फॉर्म २५ भरून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि तेव्हाच गाडी तपासतात. आरसीच संपली असेल तर वरचा वाद तुम्हालाही लागू, उलट जास्त कडक. पीयूसी नाही एवढ्यावरून क्लेम नाकारता येत नाही, हे आयआरडीएआयने (विमा नियामक) २०२० मध्ये स्पष्ट केलंय. दंड मात्र वेगळा बसेल, तेव्हा काढून घ्या.