दर 15 सेकंदांनी सर्व्हरला विचारत राहणं: अडाणीपणा की शहाणपणा?

कोपरीकर
महाप्यातल्या ऑफिसात काल यावरून जुंपली, म्हणून इथे टाकतोय. एका पॅथॉलॉजी लॅबचं काम आहे. रिपोर्ट तयार झाला की प्रत्येक शाखेच्या काउंटरवरच्या ब्राउझरमध्ये दिसायला हवा. मी साधं पोलिंग लावलं, म्हणजे टॅब दर 15 सेकंदांनी सर्व्हरला 'नवं काही?' विचारतो: सेटइंटरव्हल या टायमरमध्ये फेच ही रिक्वेस्ट. 300 टॅब धरले तरी सेकंदाला 20 रिक्वेस्ट, आणि बहुतेकांना उत्तर 304, म्हणजे 'काही बदललं नाही'. नवी पोरं म्हणतात, वेबसॉकेट का नाही, म्हणजे दोन्हीकडून बोलता येणारं कायम उघडं कनेक्शन? अरे, रिपोर्ट पंधरा सेकंद उशिरा दिसला म्हणून पेशंट काय घरी जातो का?

घणसोलीवाला
304 द्यायलाही सर्व्हरला आधी डेटाबेसमध्ये डोकवावंच लागतं, कोपरीकर. वाचते ती फक्त बॉडी, म्हणजे उत्तरातला मजकूर. शिवाय प्रत्येक हेलपाट्याला कुकी, हेडर, लॉगिनची तपासणी. वेबसॉकेटचा आरएफसी, म्हणजे त्याचे ठरलेले नियम, 2011 चा आहे, आता त्याला नवं म्हणू नका.

कोपरीकर
नवं नाही म्हणत, कटकटीचं म्हणतोय. आमच्या सर्व्हरच्या पुढे एन्जिनएक्स हा मध्यस्थ सर्व्हर आहे. 60 सेकंद काही हललं नाही की तो कनेक्शन तोडतो, ही त्याची मूळ सेटिंग. मग कनेक्शन जिवंत ठेवायला पिंग पाठवत बसा. तुटलं की पुन्हा जोडा, मधले हुकलेले मेसेज शोधा. एवढं करून शेवटी विचारणं आलंच की!

वागळे_इस्टेट
एकतर्फीच निरोप आहे ना? मग सर्व्हर-सेंट इव्हेंट्स घ्या, उघड्या कनेक्शनवरून फक्त सर्व्हर बोलतो. ते ऐकणारा ब्राउझरमधला इव्हेंटसोर्स तुटला तर आपोआप जोडतो आणि शेवटच्या इव्हेंटचा आयडीही सांगतो. हुकलेलं परत देणं मात्र सर्व्हरला लिहावं लागतं.

घणसोलीवाला
पण एचटीटीपी 2 वर, म्हणजे ब्राउझर-सर्व्हरच्या बोलण्याच्या नव्या आवृत्तीवर. जुन्या 1.1 वर ब्राउझर एका डोमेनला सहाच कनेक्शन देतो, आणि असा प्रत्येक टॅब एक अडवून धरतो. आमच्याकडे एका बाईंनी सात टॅब उघडले, सातवा नुसता फिरत बसला. दोन दिवस आम्ही नेटवर्कवाल्याला शिव्या घालत होतो.

नेरूळची_माई
निरोप आणायचा कसा यावर एवढा खल, पण उत्तरं उलट्या क्रमाने आली तर? सर्च बॉक्समध्ये 'पाटील' टाइप केलं, 'पा'चं उत्तर मागाहून आलं आणि यादी बदलून गेलं. अबॉर्टकंट्रोलर या ब्राउझरमधल्या रद्द करायच्या सोयीने जुनी रिक्वेस्ट सोडून द्या. पण तो ब्राउझरचं वाट बघणं थांबवतो, सर्व्हरवरचं काम थांबेलच असं नाही. ट्रान्सहार्बर लोकलमध्ये रेंज जाते, माणूस 'पैसे भरा' दुसऱ्यांदा दाबतो. प्रत्येक व्यवहाराला वेगळी 'की', म्हणजे ओळखखूण, देऊन सर्व्हरने ती तपासली नाही, तर दोनदा कापले जातात.

कोपरीकर
माई, ते मान्य. ती 'की' आहे आमच्याकडे. पण त्याचा पोलिंगशी संबंध नाही.

घणसोलीवाला
मग पोलिंगचंच विचारतो. काउंटरवर तुमचा टॅब समोर असतो का?

कोपरीकर
नाही, समोर व्हॉट्सअ‍ॅप. आमचा मागे.

घणसोलीवाला
मागे पाच मिनिटं पडलेल्या टॅबचा टायमर क्रोम मिनिटाला एकदाच चालू देतो. तुमचे 15 म्हणजे 60.

कोपरीकर
अच्छा! कळव्याच्या शाखेतून रोज फोन येतो, 'रिपोर्ट लवकर दिसत नाही.' मी त्यांना इंटरनेट बदला म्हणून सांगत होतो. उद्या इव्हेंटसोर्स लावून बघतो. वेबसॉकेट तरीही नाही, सांगून ठेवतो.

घणसोलीवाला
आधी कळव्याला फोन करा.