मदत हवी आहे: लाल-निळ्या सुपरमॅनचे मधले अंक

१९९७-९८च्या कॉमिक्समधला विजेचा (विजेच्या शक्ती मिळालेला) सुपरमॅन पुन्हा वाचतोय. केप गायब, अंगावर निळा-पांढरा पोशाख आणि पुढे एकाचे चक्क दोन, एक लाल, एक निळा! तेव्हा राग आला होता, आता खदखदून हसतोय.

'सुपरमॅन' १२३, 'सुपरमॅन रेड/सुपरमॅन ब्लू' आणि शेवटचा 'सुपरमॅन फॉरएव्हर' वाचून झालेत. १९६३ची जुनी लाल-निळी गोष्टही (अंक १६२) वाचली, ती जास्त गोड आहे.

मधली कथा मात्र चार मासिकांत विखुरलीय. मुखपृष्ठावरच्या त्रिकोणातल्या आकड्यांवरून क्रम कळतो, पण सगळे अंक घेणं परवडणार नाही. डिजिटल चालेल, जेएलएचे (सुपरहिरोंच्या 'जस्टिस लीग' संघाच्या मासिकाचे) अंक नकोत. लोईससमोर एकाऐवजी दोन नवरे उभे राहतात, तो गुंता सर्वांत जास्त रंगलाय ते अंक नेमके कोणते?