नळाचं पाणी दोन दिवस ठेवूनही मासे वर काहून येतात?

मनीषनगर_गोल्डफिश
टँक २ फूट × १ × १, चार गोल्डफिश, स्पंज फिल्टर. मनपाचा नळ आधी गच्चीवरच्या टाकीत चढतो, तिथून घरात. बादलीत दोन दिवस पाणी ठेवून मग टँकमध्ये टाकून राहिलो. बहुतेक वेळा काही होत नाही, पण मधूनच पाणी बदलल्यावर अर्ध्या तासात सगळे वर येऊन तोंड उघडझाप करतात. दुकानातल्या अँटी-क्लोरीनच्या बाटलीवर मात्रा धड लिहिलेली नाही. किती थेंब टाकायचे? की सरळ बोअरचं किंवा आरओचं पाणी वापरू?

थायोवाला
भाऊ, थेंब मोजण्याआधी क्लोरीन मोजा. स्विमिंग पूलच्या किटमध्ये ओटीओची (क्लोरीन असला की पिवळं होणाऱ्या रसायनाची) बाटली येते. नळीत पाणी घ्या, सांगितले तेवढे थेंब टाका. लगेच पिवळं झालं तर मोकळा क्लोरीन. पिवळेपणा पाचेक मिनिटांत हळूहळू चढला तर अमोनियाशी जोडलेला क्लोरीन, म्हणजे क्लोरामाइन. केशरी दिसलं तर ते पाणी वापरूच नका. तपासलेलं पाणी मोरीत ओता, टँकमध्ये नको, ओटीओ विषारी आहे.

"दोन दिवस ठेवलं" यावर माझा भरवसा नाही. रुंद टबात एअर स्टोन (पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून २४ तासांत मोकळा क्लोरीन बहुतेक उडतो. उभ्या, झाकण लावलेल्या बादलीत तो तसाच दडून बसतो, आणि क्लोरामाइन तर ठेवून जातच नाही. पावसाळ्यात कच्च्या पाण्यात अमोनिया वाढला तर तेही नळातून येऊ शकतं.

मात्रा: अँटी-क्लोरीन म्हणजे बहुधा सोडियम थायोसल्फेटच. केमिकलच्या दुकानातून खडे आणा, १० ग्रॅम विरघळवून पाणी १०० मिलीपर्यंत भरा. यातलं १ मिली (साधारण २० थेंब) १० लिटरला, म्हणजे २० लिटरच्या बादलीला २ मिली. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत क्लोरीन असला तरी ही मात्रा पुरते. ढवळा, दोन मिनिटांनी पुन्हा ओटीओ लावा, रंग आला नाही की झालं. द्रावण गडद बाटलीत ठेवा आणि महिना-दोन महिन्यांनी नवं करा.

दुकानात "हायपो" मागू नका, पूर्ण नाव सांगा. फोटोवाल्यांचा हायपो म्हणजे थायोसल्फेट, पण दवाखान्यात त्याच नावाने सोडियम हायपोक्लोराइट चालतं. ते खुद्द क्लोरीनच आहे.

गच्चीवरची टाकी टीसीएलने (ब्लीचिंग पावडरने) धुतली की हिशोब पार बदलतो. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३० टक्के क्लोरीन, म्हणजे १००० लिटरच्या टाकीत १० ग्रॅम पडली तरी लिटरला ३ मिलिग्रॅम. तुमचं "मधूनच" हेच असू शकतं. सोसायटीत टाकी कधी धुतात ते विचारा, टँकरच्या पाण्यालाही तीच शंका घ्या.

सक्करदरा_गप्पी
क्लोरीन शून्य निघाला तरी मासे वर येऊ शकतात. ५४ लिटरमध्ये चार गोल्डफिश म्हणजे गर्दीच, त्यामुळे अमोनिया साचतोच. जुन्या टँकचा पीएच घसरून ६.८-७ झालेला असतो आणि तिथे अमोनिया बहुतांश निरुपद्रवी रूपात राहतो. वरून ८ पीएचचं नळाचं पाणी अर्ध्यापर्यंत ओतलं की पीएच वर चढतो. ७ वरून ८ गेला तर विषारी भाग जवळपास दहापट होतो. पाणी स्वच्छ दिसतं आणि मासे धापा टाकतात.

म्हणून बदलण्याआधी दोन्हीकडचा पीएच नि टँकमधला अमोनिया मोजा. आठवड्याला १०-१२ लिटर बदला, निम्मं एकदम नको. क्लोरामाइन निघालं तर नुसतं थायोसल्फेट अमोनिया मागे सोडतं, तेव्हा अमोनियाही बांधणारं कंडिशनर घ्या. सीकेम प्राइम असेल तर ५ मिली २०० लिटरला. आणि स्पंज नळाखाली धुऊ नका, टँकमधून काढलेल्या पाण्यात पिळा, नाहीतर अमोनिया पचवणारे जिवाणू मरतात.

गोधनी_रोड
बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण ते जड असतं, म्हणजे क्षार जास्त. गोल्डफिश, गप्पी, मॉलीला चालतं, टेट्राला नाही. ताज्या बोअरच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त नि ऑक्सिजन कमी, म्हणून हवा देऊन २४ तासांनी पीएच मोजा, आधीचा आकडा खोटा असतो. नायट्रेटही तपासा. आरओचं पाणी एकटं कधीच नको: त्यात क्षारच नाहीत, पीएच कोसळतो. टेट्रासाठी जड पाणी हलकं करायला मिसळा, गोल्डफिशला त्याची गरज नाही.

मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ अंशांना ७. पहाटे भरून ठेवा, थर्मामीटर लावा, टँकपेक्षा २ अंशांहून जास्त फरक नको. डिसेंबर-जानेवारीत उलटं: थंड पाणी एकदम टाकलं की माशांवर पांढरे ठिपके (रोग) येऊ शकतात.

मनीषनगर_गोल्डफिश
टाकी गेल्याच आठवड्यात धुतली आहे, आजच ओटीओ आणतो. बादल्या वाहण्यापेक्षा नळी थेट टँकमध्ये सोडली तर द्रावण किती टाकायचं, फक्त नव्या १२ लिटरचं?

थायोवाला
नाही, पूर्ण टँकच्या हिशोबाने, साडेपाच मिली. तेही नळी सोडायच्या आधी, पंप चालू ठेवून. आणि आठवडाभर नळी नकोच. टाकी नुकतीच धुतली आहे, ओटीओ फिकट येईपर्यंत बादलीतच तपासून टाका.