मदत हवी आहे: एफईआरमध्ये (पेटंट ऑफिसच्या पहिल्या तपासणी अहवालात) डी१ + डी२ (दोन जुने दस्तऐवज) जोडून ‘इन्व्हेन्टिव्ह स्टेप नाही’

दुचाकी, इथेनॉलवर कोल्ड स्टार्ट. रेलमध्ये (इंजेक्टरला इंधन देणाऱ्या नळीत) हीटर आणि रेलच्या तोंडाशी एनआरव्ही (एकाच दिशेने सोडणारा व्हॉल्व्ह), म्हणजे गरम इंधन पाइपात मागे जात नाही. एक्झामिनर म्हणतो, डी१मध्ये गरम रेल आहे, डी२मध्ये एनआरव्ही आहे, जोडणं कुणालाही सुचेल. मग आजवर कुणी केलं का नाही? उत्तरात काय लिहू? लवकर सांगा.

रेलप्रेशर: क्लेम १ (हक्काची पहिली मागणी) शब्दशः टाका. डी२चा एनआरव्ही नेमका कुठे आहे? अर्ज कुठला? एफईआरची तारीख?

धागाकर्ता: मुंबई. डी२मध्ये तो टाकीत, पंपाच्या तोंडाशी. इंजिन बंद झाल्यावर लाइनीत प्रेशर टिकावं म्हणून. तारखेचा काय संबंध?

कलम५९: सहा महिने एफईआर निघाल्या दिवसापासून मोजतात, तुम्ही ईमेल उघडल्यापासून नाही. आणि ‘कुणी केलं नाही’ हे नावीन्याचं उत्तर झालं. पेटंट कायद्याच्या कलम २(१)(जेए)चा, म्हणजे इन्व्हेन्टिव्ह स्टेपचा, प्रश्न वेगळा: या कामातल्या माणसाला ते सुचलं असतं का?

थ्रॉटलबॉडी: केएसआर वि. टेलिफ्लेक्स (२००७) बघा. ॲक्सिलरेटर पेडलला इलेक्ट्रॉनिक सेन्सर जोडला, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ऑब्व्हियस (उघड, सहज सुचणारं) ठरवलं. तुमचंही तेच.

कलम५९: तो निकाल मुंबईच्या कंट्रोलरला (अर्जावर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याला) बांधत नाही.

गॅरेजवाला: डिझाइन रजिस्टर करून टाका, स्वस्तात होतं.

कलम५९: डिझाइन दिसण्याला मिळतं, चालण्याला नाही.

रेलप्रेशर: जरा गणित करू. रेलमध्ये ८ मिली इथेनॉल धरा. ५ अंशांवरून ४० वर नेलं की साधारण ०.३ मिली फुगतं. पुढे इंजेक्टर बंद, मागे एनआरव्ही बंद. जाणार कुठे? प्रेशर झपाट्याने चढून इंजेक्टर गळेल, नाहीतर उघडणारच नाही. डी१ आणि डी२ नुसते जोडून चालतच नाही. तुमचं कसं चालतं?

धागाकर्ता: एनआरव्हीच्या चकतीला ०.२ मिमीचं भोक आहे. क्लेम ४मध्ये आहे ते. उघडच आहे ना!

कलम५९: अहो, ‘उघड’ हा शब्द एक्झामिनरसमोर काढू नका! भोक क्लेम १मध्ये घ्या. क्लेम आकसतो आणि मजकूर मूळ अर्जात आहे, म्हणून कलम ५९खाली (अर्जातली दुरुस्ती) चालतं. डी२चा एनआरव्ही प्रेशर धरायला आहे. त्यालाच भोक पाडलं तर त्याचं कामच मोडलं. डी२ वाचणारा तसं का करील?

थ्रॉटलबॉडी: ब्लीड होलवाले (असंच बारीक भोक असलेले) चेक व्हॉल्व्ह, म्हणजे एनआरव्हीच, हायड्रॉलिक्समध्ये जुनेच आहेत. डी३ काढतील.

रेलप्रेशर: काढू देत. भोक नसताना, ०.२ आणि ०.५ मिमी, तिन्हींचे प्रेशर-तापमानाचे आलेख जोडा. मोठ्या भोकातून गरम इंधन मागे पळतं, ते दिसू दे. वर्णनात भोकाचं काम लिहिलंय का?

गॅरेजवाला: ई२०ला जुने रबरी पाइप बदलावे लागतात का?

रेलप्रेशर: वेगळा धागा काढा.

धागाकर्ता: एकच ओळ आहे, ‘प्रसरणाने वाढलेलं प्रेशर सोडण्यासाठी’.

कलम५९: तीच पान आणि ओळ क्रमांकासह उद्धृत करा. तारीख अजून सांगितली नाहीत.

धागाकर्ता: साडेपाच महिने होऊन गेलेत.

कलम५९: मग आलेख राहू देत, आधी मुदतवाढीचा फॉर्म ४ भरा.