मदत हवी आहे: कोविडनंतर आईचा रक्तदाब आटोक्यात येत नाही, रक्तवाहिन्यांची तपासणी कोठे होते?

गोदाकाठ:
नमस्कार. माझ्या आईला एप्रिल २०२१ मध्ये कोविड झाला होता आणि नऊ दिवस रुग्णालयात ठेवावे लागले होते. त्याआधी एका गोळीवर तिचा रक्तदाब नीट राहत असे. त्यानंतर गोळी दोनदा वाढवूनही वरचा आकडा १५० च्या खाली येत नाही आणि संध्याकाळी पावले सुजतात. डॉक्टर ‘वय झाले’ एवढेच म्हणतात. कोविडमुळे रक्तवाहिन्या ताठर होतात असे वाचले. तो ताठरपणा मोजणारी तपासणी नाशिक किंवा मुंबईत कोठे होते, एवढेच कृपया सांगावे. शनिवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

पारिजातक:
आईंचे वय किती, गोळी कोणती, आणि १५० हा आकडा घरचा की दवाखान्यातला, हे कळल्याशिवाय काय सांगणार? दवाखान्यात १४०/९० आणि घरी १३५/८५ च्या वर गेला तर रक्तदाब जास्त मानतात. शिवाय सूज दोन्ही पावलांना आहे की एकाच? एकच पाय सुजून पोटरी दुखत असेल, तर रक्ताची गुठळी असू शकते. मग शनिवारची वाट पाहू नये.

गोदाकाठ:
वय ६३, सूज दोन्ही पावलांना, आकडा घरचा. गोळी रक्तदाबाचीच आहे. मी ठाण्यात असते आणि आई नाशिकला, त्यामुळे नाव आत्ता सांगता येत नाही. माझा प्रश्न तपासणीचा होता.

सह्यवेडा:
डी-डायमर ही रक्ताची तपासणी करून घ्या. माझ्या काकांचे कोविडनंतर वाढलेले निघाले होते आणि रक्त पातळ होण्याची गोळी दिल्यावर त्यांना बरे वाटले.

पारिजातक:
काकांना तेव्हा ते योग्य असेल. पण डी-डायमर गुठळी विरघळल्याची खूण दाखवते, रक्तवाहिनीचा ताठरपणा नव्हे. वयानुसार आणि इतर आजारांतही ते वाढते. रक्त पातळ करणारी गोळी अशी ऐकीव माहितीवर घेण्याची नसते.

अवलिया:
मूळ मुद्दा वेगळाच आहे. कोविडचा विषाणू एसीई-२ या ग्राहीतून, म्हणजे पेशीवरच्या दारासारख्या प्रथिनातून, पेशीत शिरतो आणि टेल्मिसार्टनच्या जातीच्या रक्तदाबाच्या गोळ्या हेच ग्राही वाढवतात. ती गोळी चालू असेल तर आधी बंद करावी.

क्षितिज_लंडन:
अवलिया, २०२० च्या सुरुवातीला ही भीती सर्वांनाच होती, म्हणून तर ब्राझीलमध्ये कोविडने दाखल झालेल्या ६५९ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांची अशी गोळी थांबवली, निम्म्यांची चालू ठेवली, आणि थांबवण्याचा काहीही फायदा दिसला नाही. कृपया कोणाला गोळी बंद करायला सांगू नका.
गोदाकाठताई, तुम्ही वाचलेले निराधार नाही. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी तिला सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड तयार करतात. उच्च रक्तदाबाने हे अस्तर आधीच थकलेले असते, त्यात कोविडच्या दाहाची भर पडते. १६ देशांतील सुमारे २,४०० लोकांची पाहणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत नाडीची लाट मानेच्या धमनीपासून जांघेच्या धमनीपर्यंत किती वेगाने जाते हे मोजले होते, कारण वाहिनी जितकी ताठर तितकी लाट वेगवान. कोविड झालेल्या स्त्रियांत हा वेग वाढलेला आढळला. सेकंदाला अर्ध्या मीटरची वाढ म्हणजे वाहिनी साधारण पाच वर्षांनी म्हातारी होणे, असा हिशेब आहे. मात्र ही समूहाची सरासरी आहे. तुमच्या आईंचा आकडा वाढलेला निघाला, तरी तो कोविडमुळे की जुन्या रक्तदाबामुळे, हे त्यावरून ठरणार नाही, आणि उपचार रक्तदाब उतरवण्याचेच राहतील.

औषधवाला_काका:
चाळीस वर्षे औषधांचे दुकान चालवले, म्हणून विचारतो. गोळी ॲम्लोडिपिन आहे का? तिची मात्रा वाढवली की घोट्यांना सूज येणे अगदी नेहमीचे. शिवाय गुडघेदुखीची गोळी आणि काढा, यांची चौकशी करावी.

गोदाकाठ:
आत्ताच फोन केला. ॲम्लोडिपिन १० आहे. गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळी आठवड्यातून चार-पाच वेळा घेते. काढा कोविडपासून रोज दोन वेळा चालू आहे. त्यात ज्येष्ठमध, सुंठ आणि दालचिनी असते. घरगुती म्हणून हे डॉक्टरांना कधी सांगितले नाही.

सह्यवेडा:
ज्येष्ठमधाला उगाच दोष देऊ नका. आमची आजी जन्मभर चघळत होती.

औषधवाला_काका:
घसा बसल्यावर चार दिवस चघळणे निराळे आणि चार वर्षे रोज पिणे निराळे. ज्येष्ठमधामुळे मूत्रपिंड मीठ धरून ठेवते आणि पोटॅशियम सोडते, त्यामुळे रक्तदाब वाढतो. बहुतेक वेदनाशामक गोळ्याही मीठ-पाणी अडवतात. रक्तदाबाची गोळी एकीकडून ओढते आणि ही दोन्ही दुसरीकडून, मग आकडा उतरणार कसा? काढा आजच थांबवावा, रक्तातले पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन तपासून घ्यावे, आणि शनिवारी गोळ्यांचा डबा डॉक्टरांसमोर ठेवावा. ॲम्लोडिपिन मात्र स्वतःहून कमी करू नये.

निरंजन_कोथरूड:
दंडाला बांधायचे यंत्र मनगटाच्या यंत्रापेक्षा चांगले. मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसावे.

गोदाकाठ:
यंत्र दंडाचेच आहे. काढा बंद करायला सांगितले आहे, त्यावर आई नाराज आहे. रक्त उद्या देणार. शनिवारनंतर काय झाले ते लिहीन. पण नाडीच्या लाटेची तपासणी कोठे होते, हे अजून कोणीच सांगितलेले नाही.