टचस्क्रीन न बदलता गाडीचा आवाज सुधारायचाय, सुरुवात कुठून करू?

शाहूपुरीकर:
२०२३ ची कॉम्पॅक्ट एसयूव्ही आहे. चार दारांत चार स्पीकर, पुढं दोन ट्वीटर (वरच्या सुरांचे छोटे स्पीकर). रिव्हर्स कॅमेरा आणि एसीची सेटिंग कंपनीच्या स्क्रीनवरच आहेत, त्यामुळं स्क्रीन काढायचा नाही. आवाज वाढवत नेला की एका टप्प्यानंतर बास गायब होतो, गाणं पातळ पडतं आणि पुढची दारं खरखरतात. एका दुकानात म्हणाले आधी १२ इंची सबवूफर टाका, दुसरीकडं म्हणाले स्पीकर बदला, तेवढं पुरे. बजेट ४० हजार. वॉरंटी चालू आहे, त्यामुळं वायर कापायची नाही. खरा क्रम काय?

उद्यमनगर_बेंच:
भावा, बास गायब होतो तो स्पीकरमुळं नाही. आवाज वाढला की स्पीकर फाटू नये म्हणून कंपनीचं सॉफ्टवेअर स्वतःच खालचे सूर कमी करतं. म्हणजे नुसते स्पीकर बदललेस तरी त्यांनाही तोच कापलेला सिग्नल मिळणार. शिवाय स्क्रीनवर ४×५० वॅट लिहिलेलं असलं तरी १४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला सलग मिळतात जेमतेम १८ ते २० वॅट.

त्यामुळं पहिला खर्च दारांवर कर. दार हीच स्पीकरची पेटी आहे, आणि कंपनीच्या दारात त्या पेटीला मोठमोठी भोकं असतात. स्पीकरच्या पुढचा आणि मागचा आवाज एकत्र आला की खालचे सूर एकमेकांना मारतात. २ मिलिमीटरची ब्यूटाइल (रबरासारखी चिकट) शीट घे, वरून ॲल्युमिनियमचा थर असलेली. स्वस्तातली डांबराची शीट नको, एप्रिल-मेच्या उन्हात ती मऊ पडून सुटते आणि केबिनभर वास सुटतो. बाहेरच्या पत्र्याचा निम्मा भाग झाकला तरी पुरतं, पण स्पीकरच्या बरोबर मागचा भाग सोडू नकोस. आधी पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पूस, मग शीट रोलरनं दाबून बसव. आतल्या पत्र्याची मोठी भोकं ॲल्युमिनियमची पट्टी लावून बंद कर.

दाराच्या तळाशी पाणी निचरायच्या फटी असतात, त्या अजिबात बुजवायच्या नाहीत. गगनबावड्याकडच्या पावसात काचेवरून दारात पाणी उतरतंच. फट बुजली की पाणी साठून दार खालून गंजतं. लॉकच्या रॉडला आणि काचेच्या चॅनेललाही शीट लागू देऊ नकोस.

पुढं नवे स्पीकर बसवलेस तर त्यांच्याखालची रिंग एमडीएफची (लाकडी भुशाच्या फळीची) करू नको. ओल लागली की ती फुगते आणि स्क्रू सैल पडतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याकडून एचडीपीई किंवा पीव्हीसी प्लास्टिकच्या १५-१८ मिलिमीटर जाड रिंगा वळवून घे. आधी काच पूर्ण खाली घेऊन चुंबकाच्या मागं किती जागा उरते ते मोज. खोल चुंबकाचा स्पीकर घेतलास तर काच त्यावर येऊन अडकते.

हायलेव्हल_इनपुट:
दारांबद्दल पूर्ण सहमत. पुढचं सांगतो.

चार चॅनेलचा क्लास डी (कमी तापणारा) ॲम्प्लिफायर, म्हणजे ॲम्प घ्या, आत डीएसपी (सूर आणि वेळ जुळवणारी चिप) असलेला आणि स्पीकरच्या वायरीतून थेट सिग्नल घेणारा. चॅनेलला ६० वॅट आरएमएस (सलग मिळणारी ताकद) भरपूर झाले. १८-२० वरून ६० वर गेलं की साधारण ५ डेसिबल वाढतात, ते कानाला स्पष्ट कळतं. तुमच्या मॉडेलचा प्लग-अँड-प्ले कपलर (तयार जोड) मिळतो का बघा. स्क्रीनच्या मागं तो मध्ये बसतो, मूळ वायर कापायची गरजच नाही. दोन गोष्टी आधी विचारून घ्या. काही स्क्रीनना स्पीकरचा लोड दिसला नाही तर त्या चॅनेल बंद करतात, मग लोड रेझिस्टर (स्पीकर जोडलाय असं भासवणारा) लागतो. आणि कंपनीच्या स्पीकरची मायनस वायर कधीही बॉडीला जोडून अर्थिंग करू नका, आतली आयसी जळेल.

करंटचा हिशेब असा: ४×६० म्हणजे २४० वॅट, नुकसान धरून ३०० वॅट, म्हणजे साधारण २२ ॲम्पिअर. ८ गेजची शुद्ध तांब्याची वायर आणि ४० ॲम्पिअरचा फ्यूज. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा, कारण वायर पुढं कुठं घासून शॉर्ट झाली तर तिला वाचवणारा तोच एक. वायर घेताना टोक खरवडून बघा. आत चंदेरी दिसलं तर ते तांबं चढवलेलं ॲल्युमिनियम आहे, गेज तोच लिहिलेला असला तरी करंट कमी नेतं.

ॲम्पच्या अर्थिंगसाठी रंग खरवडून उघड्या पत्र्यावर लग आवळा, वायर अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. सीटबेल्टचा बोल्ट वापरू नका. स्टार्ट-स्टॉपवाल्या (थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होणाऱ्या) गाडीत बॅटरीच्या मायनसवर करंट मोजणारा सेन्सर असतो. ॲम्पचं अर्थिंग थेट त्या टर्मिनलला दिलं तर सेन्सरला तो करंट दिसत नाही आणि चार्जिंगचा हिशेब चुकतो. पॉवरची वायर एका बाजूनं न्या, सिग्नलची दुसऱ्या बाजूनं.

ट्वीटरसाठी ए-पिलर (पुढच्या काचेच्या बाजूचा खांब) उघडणार असाल तर आधी बॅटरी काढून काही मिनिटं थांबा. तिथं पडद्याची एअरबॅग असते. वायर तिच्या मागून न्यायची, पुढून कधीच नाही. पिलरची एकदाच वापरायची क्लिप नवी घ्या.

शाहूपुरीकर:
म्हणजे सबवूफर नकोच का? आणि ॲम्प सीटखाली ठेवला तर पाण्याचं काय? आमच्या गल्लीत २०१९ आणि २०२१ ला पुराचं पाणी आलं होतं.

रंकाळा_ट्यूनिंग:
दादा, सबवूफर शेवटी. दारं नीट झाल्यावरही हायवेवर टायरच्या आवाजात तबल्याचा डग्गा दबत असेल, तर ८ इंची छोटा सब पुरेल. १२ इंची पेटी डिकी खाते आणि तिच्यासाठी वेगळा ॲम्प, जाड वायर, सगळं वाढतं. ४० हजारात ती बसवायची तर दारं आणि डीएसपीला कात्री लागेल, आणि तेच चुकीचं आहे.

पूर भरणाऱ्या गल्लीत ॲम्प सीटखाली नको. सीटखाली मागच्या एसीचा डक्टही असू शकतो, त्याला झाकू नये. डिकीच्या बाजूच्या ट्रिममागं, जमिनीपासून वर, पण हवा खेळेल असा बसवा. विमा कंपनीला बिल देऊन आयएमटी-२४ (नंतर बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं विम्याचं कलम) खाली ही ॲक्सेसरी पॉलिसीत चढवून घ्या, नाहीतर नुकसान झाल्यावर दावा मिळत नाही.

आता गेन, म्हणजे येणारा सिग्नल ॲम्पशी जुळवणारा नॉब. तो आवाजाचं बटण नाही, हे इन्स्टॉलरलाही ठासून सांगा. स्पीकर सोडवा, स्क्रीनवर बास-ट्रेबल शून्यावर, आवाज तीन चतुर्थांश, १००० हर्ट्झचा ० डेसिबलचा टोन लावा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या आउटपुटला १५.५ व्होल्ट येईपर्यंत गेन वाढवा, तिथंच थांबा. ६० गुणिले ४ चं वर्गमूळ म्हणून १५.५. याच्या पुढं लाट कापली जाते आणि आधी ट्वीटरची कॉइल जळते.

दारांच्या स्पीकरला ८० हर्ट्झचा हायपास (त्याखालचे सूर अडवणारा फिल्टर) लावा, निम्मी खरखर तिथंच थांबेल. स्क्रीन बास कापतो ती भरपाई डीएसपीत करता येते, पण तुम्ही नेहमी ज्या आवाजावर ऐकता त्याच आवाजावर मोजून. मग डिले, म्हणजे जवळच्या स्पीकरचा आवाज क्षणभर उशिरा सोडणं. आपल्याकडं ड्रायव्हर उजवीकडं, म्हणून उजवा स्पीकर जवळ. टेपनं कानापासूनचं अंतर घ्या. डावा १३५ आणि उजवा ९५ सेंटिमीटर असेल तर फरक ४०. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४.३ सेंटिमीटर जातो, म्हणून उजव्याला १.१७ मिलिसेकंद डिले. गायकाचा आवाज उजव्या दारातून उठून डॅशबोर्डच्या मध्यावर येतो.

तरीही मध्ये बास पोकळ वाटला तर एका स्पीकरच्या प्लस-मायनस वायर उलट लागल्यात का बघा. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावायचा, प्लसला प्लस असेल तर कोन बाहेर येतो.