मदत हवी आहे: जानेवारीत गोव्यात व्हॅनवाल्यांचं गेट-टुगेदर, जागा हातची गेली

चाकावरचं_घर
नमस्कार मंडळी, अर्जंट आहे म्हणून सरळ विचारते. २६ जानेवारीला जोडून तीन रात्री आम्ही व्हॅनमध्ये राहणारे मराठी लोक गोव्यात एकत्र जमणार आहोत, सगळं ठरलंय, लोकांनी रजा टाकल्यात, आणि ज्या भाटकारांनी (जमीनमालकांनी) भाट, म्हणजे माडांची बाग, द्यायचं कबूल केलं होतं त्यांचा काल फोन आला की जमणार नाही, पंचायतीतून कोणीतरी विचारणा केली म्हणे. पेडणे, बार्देश, डिचोली, कुठेही चालेल पण जागा हवी. गाड्या लावायच्या, एकमेकांच्या गाड्या बघायच्या, वायरिंग आणि गळतीवर बसून बोलायचं, रात्री गप्पा. डीजे नाही, पार्टी नाही. यातल्या कितीतरी जणांना वर्षभर आपल्यासारखं जगणारं दुसरं माणूस भेटत नाही, म्हणून हे होणं मला फार गरजेचं वाटतं. रिसॉर्टचे पत्ते कृपया नकोत. मोकळी जागा माहीत असेल तर सांगा.

खाजनकाठ
किती गाड्या? किती माणसं? मुलं, कुत्री आहेत का? सगळ्या गाड्यांत स्वतःचा संडास आहे का? पैसे घेताय का लोकांकडून? ह्यातलं काहीच लिहिलं नाहीत, मग जागा कशी सुचवणार.

दर्यावर्दी७
अहो एवढं काय त्यात, आश्वे-मांद्रेच्या बाजूला किनाऱ्यालगत लावा, सकाळी उठलं की समोर समुद्र. आम्ही खूप वर्षांपूर्वी सुमो घेऊन असंच राहिलो होतो, कोणी हटकलं नाही. रस्त्यावरच्या शॅकमध्ये किंगफिश मस्त मिळायचा.

नोंदवही_फोंडा
दर्यावर्दी, असा सल्ला देऊ नका, ताई अडचणीत येतील. किनाऱ्यावर गाडी न्यायला बंदी आहे. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग ह्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि जानेवारी म्हणजे ऐन हंगाम, तिथे दिवे आणि आवाज दोन्ही चालत नाहीत. वरून पर्यटन स्थळं संरक्षण कायदा २००१ चा आहे, २०१९ साली त्यात उघड्यावर स्वयंपाक करणं आणि दारू पिणं आलं, तेव्हा दंड माणशी २००० आणि ग्रुपला १०,००० होता, २०२५ च्या दुरुस्तीत तो ५ हजारांपासून १ लाखापर्यंत गेला. एवढ्या गाड्यांसमोर शेगड्या पेटल्या की कोणीतरी फोटो काढणारच. खाजगी जागाच बघा.

चाकावरचं_घर
किनाऱ्याचा विचार नव्हताच. खाजनकाठ, साधारण २० ते २५ गाड्या, माणसं पन्नाशीच्या आत. विंगर, ट्रॅव्हलर, ईको, दोन-तीन जुन्या ओमनी, एक बोलेरो कॅम्पर. मुलं आहेत, दोन कुत्री आहेत. पैसे म्हणजे पाणी, जेवणाचा किराणा आणि जागेचं भाडं वाटून घेणार, तिकीट नाही. आता जागा सांगा ना कोणी.

खाजनकाठ
संडासाचं उत्तर अजून आलं नाही.

पत्रादेवीपार
गोव्याचा हट्ट सोडा. पत्रादेवीचा नाका ओलांडा, बांदा-सावंतवाडीकडे या, जागाच जागा आहे, भाडंही कमी. महाराष्ट्राचं २०२१ पासून कॅराव्हॅन पर्यटन धोरण आहे, तुम्ही काय बोलताय ते तरी अधिकाऱ्यांना कळतं. दोडामार्गात माझ्या मामांची काजूची बाग आहे, एका बाजूला पूर्ण सपाट, हवी तर विचारतो.

सत्तरीचा_सडा
काजूची बाग आणि जानेवारी, नको. दोडामार्ग काय, आमची सत्तरी काय, दोन्हीकडे माकडतापाचा पट्टा आहे. १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला म्हणून केएफडी म्हणतात त्याला, आमच्याकडे २०१५ ला मोठी साथ आली, पुढच्या वर्षी दोडामार्गात. गोचिडींपासून होतो, थंडी सुरू झाली की पावसापर्यंत त्यांचा काळ, आणि आजारी पडणाऱ्यांत काजूच्या बागेत पाचोळ्यात काम करणारे भरपूर असतात. तुमच्यासोबत मुलं आणि कुत्री आहेत, कुत्रं पाचोळ्यात लोळून येऊन गादीवर बसणार. गावात मेलेलं माकड सापडलंय का हे आरोग्य केंद्रात विचारल्याशिवाय जंगलालगत कुठेच मुक्काम करू नका. घाबरवायला सांगत नाही, आमच्या वाड्यावर माणसं गेलेली आहेत.

पत्रादेवीपार
सगळी बाग काय गोचिडींनी भरलेली नसते. मामा तिथेच राहतात.

सत्तरीचा_सडा
मामा काळजी घेत असतील, त्यांना कुठे पाय टाकायचा ते माहीत आहे. पाहुण्यांना माहीत नसतं.

अँपियर_आबा
जागा मिळेल हो, आधी विजेचं बघा, ह्याच्यावरून प्रत्येक मेळाव्यात भांडणं होतात. कोणीतरी फ्रिज चालवायला इंजिन चालू ठेवतो आणि शेजारच्याच्या खिडकीत धूर. माझं म्हणणं, जनरेटर आणणाऱ्याला येऊच देऊ नका. १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे सव्वा युनिट, दिवे, पंखा, छोटा फ्रिज आरामात निघतो, आणि जानेवारीत गोव्यात ऊन एवढं स्वच्छ असतं की १०० वॅटचं सोलर पॅनल दिवसाला ४०० वॅट-तास तरी देतं. लेड अॅसिडवाले रडतील कारण ती अर्ध्यापलीकडे उतरवता येत नाही. म्हणून जागा उन्हातली घ्या, झाडाखाली अजिबात नको.

विंगरवाली_मीनल
आबा, दुपारी पत्र्याच्या गाडीत उन्हात मुलाला झोपवून दाखवा मला. सावली हवीच. पॅनल वेगळं काढून उन्हात ठेवता येतं, मूल नाही ठेवता येत.

अँपियर_आबा
सुटं पॅनल रात्री उचलून कोण नेतं ते सांगू का.

खाजनकाठ
सावली म्हणजे माडाची सावली असेल तर एक गोष्ट. माडाखाली गाडी लावायची नाही. नारळ वरून पडला तर पॅनल गेलं, काच गेली, आणि माणसाच्या डोक्यात पडला तर विचारू नका. भाट घेणार असाल तर आदल्या आठवड्यात पाडेली (नारळ पाडणारा) बोलावून नारळ आणि सुकी चुडतं, म्हणजे झावळ्या, उतरवून घ्या, भाटकाराशी बोलताना हे आधीच सांगितलंत तर त्यालाही वाटतं की ह्या लोकांना कळतं.

नवखा_प्रवासी
सॉरी मध्येच विचारतो, मला पण व्हॅन बनवायचीय, ईको घेऊ की जुनी विंगर? आणि ओमनी नवीन मिळते का अजून? आरटीओ पकडतं का?

नोंदवही_फोंडा
ओमनी २०१९ ला बंद झाली. आरटीओचं, मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस १२४ म्हणून मानक आहे, आरसीवर बदल न नोंदवता सीट काढून पलंग-गॅस बसवाल तर विमा नाकारतील. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

ताई, तुमच्या मूळ प्रश्नाकडे. भाटकाराला नाव ठेवू नका. जानेवारीत ग्रामसभा असते, कोणी उठून विचारलं की बाहेरच्या पंचवीस गाड्या कोणी आणल्या, तर सरपंचाला उत्तर द्यावं लागतं आणि भाटकाराला त्याच गावात राहायचं असतं. खाजगी जागा मिळाली तरी आधी एक-चौदाचा उतारा (गोव्याचा सातबारा) बघा, कुळाच्या रकान्यात नाव असेल तर ती जमीन सोडा, १९९१ च्या लँड यूज कायद्याने कुळाची जमीन शेतीशिवाय वापरता येत नाही. कोमुनिदादची (गावाची सामाईक जमीन) असेल तर कमिटीचं पत्र. मग पंचायतीला लेखी अर्ज, प्रत पोलीस स्टेशनला, गाड्यांचे नंबर आणि प्रत्येकाचं ओळखपत्र जोडून. माईक वापरायचा तर वेगळी परवानगी, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर माईकला बंदी आहे.

दर्यावर्दी७
एवढे कागद करायचे तर लोक हॉटेलातच जातील. पूर्वी एवढं नव्हतं. हणजुण्याला परदेशी लोक युरोपातून स्वतःच्या बसगाड्या चालवत यायचे, महिनोन्महिने राहायचे.

नोंदवही_फोंडा
यायचे, आणि त्यांच्या गाडीलाही कार्ने (गाडी दुसऱ्या देशात न्यायचा कस्टमचा कागद) लागायचा, कागद तेव्हाही होते. परदेशी कोणी येणार असेल तर जागामालकाला २४ तासांत परदेशी नोंदणी कार्यालयाकडे कळवावं लागतं, तेही लक्षात ठेवा.

चाकावरचं_घर
परदेशी कोणी नाही. संडासाचं सांगते, खाजनकाठ बाब, तुम्ही सोडणार नाही दिसतंय. निम्म्या गाड्यांत पोर्टेबल कॅसेट (टाकी काढून रिकामी करायचा संडास) आहे, बाकीचे पंपावर किंवा हॉटेलात जातात.

खाजनकाठ
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं, कारण सगळं इथेच अडतं. पन्नास माणसं तीन दिवस, निम्म्यांकडे सोय नाही, तीन किलोमीटरवरचा पंप रात्री बंद. ती कुठे जाणार? झाडामागे. आपल्याकडची जमीन चिऱ्याची, भोकंच भोकं, वरचं पाणी सरळ खाली झिरपतं आणि पन्नास पावलांवर कोणाची तरी बांव असते. गावाचा राग व्हॅनवर नसतो, विहिरीसाठी असतो. मी पंच होतो पाच वर्षं, माझ्याकडे जेवढ्या तक्रारी आल्या त्यात गाण्यापेक्षा घाणीच्या जास्त होत्या. तुम्ही सरपंचाकडे जाल तेव्हा आमचा कार्यक्रम किती छान ते सांगू नका. संडास कुठे, सांडपाणी कशात, कचरा कोण नेणार, हे कागदावर लिहून न्या.

विंगरवाली_मीनल
हे अगदी खरं. आम्ही कर्नाटकात एका मेळाव्याला गेलो तिथे भांडी धुतलेलं पाणी सगळ्यांनी आपापल्या गाडीखाली सोडलं, दुसऱ्या दिवशी माश्या आणि तिसऱ्या दिवशी मालक. आता मी २० लिटरचा कॅन सिंकखाली लावलाय, भरला की नेऊन ओतायचा. आणि कॅसेटमधलं निळं केमिकल घरगुती सेप्टिक टँकमध्ये ओतू नका, त्यातले जंतू मरतात आणि टाकी काम करायची थांबते. कोकोपीटवाला (नारळाच्या काथ्याचा भुसा घालायचा) सुका संडास सगळ्यात सोपा, लघवी वेगळी ठेवली की वास येत नाही. मी दोन जास्तीचे आणू शकते.

अँपियर_आबा
कोकोपीटला पंखा लागतो, १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा छोटा पंखा लावा, बॅटरी जवळजवळ खातच नाही.

खाजनकाठ
कोकोपीट चार माणसांना ठीक. पन्नासांना पक्के संडास लागतात, नाहीतर भाड्याचे आणि सेप्टिकचा टँकर.

कुळागर_काकू
मी वाचत होते गप्प. बाळा, देवळाचा विचार केलास का? आमच्या फोंडा तालुक्यात कितीतरी देवळांना अग्रशाळा आहेत, खोल्या, न्हाणी, संडास, जेवण करायची जागा, आणि जत्रेच्या गाड्यांसाठी बाहेर मोठं मैदान, वर्षातले बाकीचे दिवस रिकामं पडलेलं. महाजनांच्या (देवळाचा कारभार बघणाऱ्या घराण्यांच्या) कमिटीला अर्ज द्यायचा, देणगी द्यायची, पावती मिळते. फक्त आधी त्यांच्या जत्रेची तारीख विचार, पौष-माघात पुष्कळ असतात. आणि मासे-मटण, दारू काही नाही.

दर्यावर्दी७
गोव्यात येऊन तीन दिवस मासे नाहीत? लोक येणार नाहीत ताई.

कुळागर_काकू
मासे खायला खानावळी आहेत, जाऊन खाऊन यावं. देवळाच्या आवारात मात्र नाही.

विंगरवाली_मीनल
मला काकूंचं पटतंय. मुलींना रात्री दार असलेला संडास आणि एक दिवा मिळणार असेल तर मी तीन दिवस वरण-भात खाईन. एकट्या व्हॅन चालवणाऱ्या बायका अशा मेळाव्यांना येत नाहीत त्याचं कारण हेच आहे, मासे नाही.

पत्रादेवीपार
पण देवळात सगळे चालतील का? ग्रुपमध्ये वेगवेगळ्या धर्माचे असतील, कुत्री आहेत.

कुळागर_काकू
मैदानात गाडी लावायला कोणी काही म्हणत नाही असं मी म्हणेन, पण कमिटीला स्पष्ट विचारावं, कुत्र्यांचंही. लपवून जाऊ नये.

नोंदवही_फोंडा
काकूंचा मार्ग चांगला आहे, जमीन कुणाची हा घोळ उरत नाही आणि गावही ओळखीचं राहतं. तरी पंचायत आणि पोलिसांना पत्र द्याच. प्लास्टिकचा सुका कचरा वेगळा ठेवा, पंचायत घेऊन जाते, ओल्याचं कमिटीशी बोला. गॅसचे सिलिंडर ५ किलोचेच आणायला सांगा आणि गाड्यांत अंतर ठेवा, गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर फरशीवर साचून राहतो, म्हणून रात्री फरशीलगतचा हवेचा झरोका उघडा ठेवा.

चाकावरचं_घर
काकू, हे मला कोणी सुचवलंच नव्हतं. आमच्या डिचोलीकडेही अशी देवळं आहेत पण मैदान एवढं मोठं नाही, फोंड्याचंच बघते, यजमानांच्या मामेबहिणीच्या सासरचे महाजन आहेत एका ठिकाणी, उद्या सकाळी जाते. खाजनकाठ बाब, तुमच्या म्हणण्याप्रमाणे संडास, सांडपाणी, कचरा असं लिहूनच नेते, पाठवण्याआधी एकदा वाचून द्याल का? येणाऱ्यांनी आता इथेच लिहा: गाडी कोणती, उंची किती, माणसं किती, संडास आहे का, कुत्रं आहे का. उंची का तर देवळांना कमानी असतात आणि ट्रॅव्हलर वरच्या पॅनलसकट अडकते.

खाजनकाठ
पाठवा, आज रात्री वाचतो. पाण्याचा हिशोबही घाला, पिण्या-स्वयंपाकाला माणशी १० लिटर रोज धरा, म्हणजे तीन दिवसांचं दीड हजार लिटर, आंघोळीचं वेगळं. देवळाच्या विहिरीवर भार नको, टँकर आमचा, असं लिहा. हे वाक्य वाचून कमिटी पुढचं वाचेल.

विंगरवाली_मीनल
विंगर, उंची पॅनलसह पावणेतीन मीटरच्या आसपास, उद्या टेपने मोजून सांगते. दोघं आणि एक मूल. कॅसेट आहे, जास्तीचे दोन सुके संडास आणते. कुत्रं नाही.

सत्तरीचा_सडा
ईको, एकटा, संडास नाही, उंची काही अडचण नाही. शुक्रवारी दुपारीच येतो, गाड्या कुठे लावायच्या त्याच्या चुन्याच्या रेघा मारायला माणूस लागेल.

पत्रादेवीपार
बोलेरो कॅम्पर, दोघं, एक कुत्रं. कुत्र्याला परवानगी नसेल तर आधी कळवा, घरी ठेवायची सोय करावी लागेल. मामांकडून केळ्यांचे घड आणतो.